लस गावापर्यंत आली, आता घरापर्यंत आणू या



१० मार्च हा सावित्रीमाई फुले यांचा स्मृतिदिन. आपल्या वस्त्यांतून, विहारांतून त्या दिवशी माईंच्या प्रतिमेला हार घातला जातो, मेणबत्ती लावली जाते, दोन शब्द बोलले जातात. मुलींची शाळा, अंगावर झेललेले शेण आणि दगड, हे सारे आपल्या लेकरांना आता तोंडपाठ आहे. परंतु माई गेल्या कशा, असे विचारले तर पुष्कळांना ‘प्लेगने’ या एका शब्दापलीकडे सांगता येत नाही. या वेळच्या सदरात आम्ही तेथूनच सुरुवात करीत आहोत. त्या मरणाचा आणि आपल्या घरातील तान्ह्या बाळाच्या लसीकरण कार्डाचा जवळचा संबंध आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा प्लेग सुरू झाला आणि काही महिन्यांतच तो पुण्याकडे सरकला. माईंचे दत्तकपुत्र डॉ. यशवंतराव यांनी पुण्याबाहेर हडपसरच्या बाजूला रोग्यांसाठी दवाखाना उघडला. शेजारच्या मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड नावाच्या मुलाला गाठ आल्याचे माईंना कळले. ज्याच्या सावलीलाही लोक दूर राहात, त्या मुलाला माईंनी पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. मुलगा वाचला. माईंना मात्र लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

आता दुसरी एक तारीख पाहा. १० जानेवारी १८९७. त्या दिवशी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस स्वतःच्या अंगात टोचून घेतली. हाफकिन हे ओडेसा शहरात जन्मलेले ज्यू. ज्यू म्हणून त्यांना मायदेशात प्राध्यापकीची वाट बंद होती. ते पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत गेले, पटकीची लस तयार केली, ती १८९२ साली आधी स्वतःला टोचली आणि पुढल्या वर्षी हिंदुस्थानात आले. मुंबईत प्लेग पसरला तेव्हा कॉलेजातील लहानशा जागेत त्यांनी रात्रंदिवस काम केले. मांसाच्या रसात प्लेगचे जंतू वाढवायचे, वर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब सोडायचे म्हणजे जंतू त्यांना धरून भराभर वाढतात, मग उष्णता देऊन ते मारायचे आणि मेलेल्या जंतूंची लस करायची, अशी ती पद्धत होती. पुढे भायखळ्याच्या तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांना ती टोचली गेली आणि टोचलेल्यांत रोग कमी दिसला. परळची आजची हाफकिन संस्था त्याच कामातून उभी राहिली.

१० जानेवारी आणि १० मार्च. मधे बरोबर दोन महिने. लस मुंबईत तयार झालेली होती, पण मुंढव्याच्या महारवाड्यापर्यंत ती कशी पोचणार होती? लस तयार होणे ही एक गोष्ट आणि ती गरिबाच्या दारी पोचणे ही दुसरी गोष्ट. या दोहोंच्या मधल्या अंतरात आपली माणसे मेली. आज आम्हांला सांगायचे आहे ते याच अंतराविषयी.

देवी नव्हती, रोग होता

आपल्या आजी-आजोबांच्या दंडावर गोल वण असत. त्याला ‘देवी टोचल्या’ म्हणत. रोगाचे नावच देवी! आपल्या झाडीपट्टीत ‘माता आली’ म्हणत. अंगावर फोड आले की औषध बंद, कडुनिंबाचा पाला दाराला, मातामायला पाणी. पटकी आली की मरीमाय कोपली. तिचा गाडा शिवेबाहेर नेण्याचे काम कोणाच्या माथी होते, हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. रोगाच्या वेळी सर्वांत पुढे आपण आणि औषधाच्या वेळी सर्वांत मागेही आपणच.

देवीची लस एडवर्ड जेन्नर या इंग्रज डॉक्टरांनी १७९६ साली शोधली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल या मुलीला ती टोचली गेली. ती या देशातील पहिली. त्या काळी लस बाटलीत येत नसे. एका मुलाच्या दंडावर फोड आला की त्यातील पाणी घेऊन दुसऱ्याच्या दंडावर टोचत. मग ज्यांच्या दंडावरून लस घ्यायची ती मुले कोणाची? पुष्कळदा ती गोरगरिबांची आणि अस्पृश्यांची असत. वरच्या जातीच्या लोकांनी ‘खालच्या’ मुलाच्या अंगातले पाणी आमच्या मुलाला नको म्हणून कुरकुर केल्याच्या नोंदी इतिहासात आहेत. पाणवठा बाटतो, देऊळ बाटते, तशी लसही बाटली! पुढे वासराच्या अंगावर लस वाढवण्याची पद्धत आली आणि तो प्रकार थांबला.

या देशात देवीचा शेवटचा रोगी १९७५ च्या मे महिन्यात सापडला. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. १७९६ ते १९७५, म्हणजे एकशे एकोणऐंशी वर्षे. एवढा काळ लस होती आणि माणसे मरतच होती. देवी गेली ती नवसाने गेली नाही. लस टोचणारे कर्मचारी गावोगाव, घरोघर फिरले, एकेक रोगी शोधून त्याच्या भोवतालच्या सर्वांना टोचले, तेव्हा ती गेली. मातामायचे ठाणे आजही कित्येक गावांच्या शिवेवर आहे. रोग मात्र परत आला नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि आपल्या लोकांनी देव्हारे रिकामे केले. तेव्हा शेजारपाजारचे म्हणत, आता यांच्यावर मरीमाय कोपेल. कोपली का? आपल्या आईबापांनी त्या दिवशी नुसत्या मूर्ती टाकल्या नाहीत, भीती टाकली. रोगाला कारण असते आणि कारण दूर केले की रोग दूर होतो, ही तर तथागतांच्या शिकवणीचीच रीत आहे.

बाबासाहेब आणि माता रमाई यांच्या पाच लेकरांपैकी गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लहानपणीच गेली. एकटे यशवंतराव जगले. त्या काळी गोवराची लस नव्हती, लहान मुलांच्या न्यूमोनियाची नव्हती, पोलिओची नव्हती. कोणत्या बाळाला कशाने वाचवता आले असते हे आज सांगता येणार नाही. पण ज्यांनी कोट्यवधींचे जीवन उजळले त्यांच्याच घरात चार पाळणे रिकामे झाले, हे आपण विसरू नये. त्यांच्या हाती नव्हते ते आज आपल्या हाती आहे, आणि तेही फुकट.

आज काय मिळते?

लस म्हणजे शरीरातल्या राखणदाराला चोराचा चेहरा आधीच दाखवून ठेवणे. मेलेला, दुबळा केलेला जंतू किंवा त्याचा एखादा तुकडा अंगात सोडतात. त्याने रोग होत नाही, पण शरीर ओळख ठेवते आणि खरा जंतू आला की लगेच तुटून पडते. ही ओळख पक्की व्हायला काही लसी दोनदा-तीनदा द्याव्या लागतात. म्हणूनच पहिला डोस घेऊन थांबणे म्हणजे अर्धी रोवणी करून बांधी सोडून देणे.

सरकारी केंद्रात हे सारे विनामूल्य मिळते. जन्मल्याबरोबर क्षयरोगाविरुद्ध बीसीजी, पोलिओचा थेंब आणि ‘ब’ काविळीची लस. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची पेंटाव्हॅलंट, म्हणजे एकाच सुईत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ‘ब’ कावीळ आणि एका प्रकारचा मेंदूज्वर या पाचांपासून संरक्षण. सोबत पोलिओ आणि हगवणीवरील रोटाव्हायरसचे थेंब. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी तीन वेळा न्यूमोनियाची लस. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाचा पहिला डोस, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा, आणि त्याच वेळी तीन रोगांचा बूस्टर. पाचव्या-सहाव्या वर्षी आणखी एक बूस्टर. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची सुई. मुलगा असो की मुलगी, हिशोब एकच.

यातली न्यूमोनियाची लस श्रीमंत देशांतील बालकांना २००० सालापासून मिळू लागली. आपल्या सरकारी कार्यक्रमात ती २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि महाराष्ट्रात २०२१ साली. तोवर ज्याच्या खिशात पैसा त्याचेच बाळ सुरक्षित होते. आता ती आपल्या उपकेंद्रात आली आहे, तर तिला नाकारण्यासारखा करंटेपणा नाही.

आपल्या भागासाठी या लसीचे मोल दुप्पट आहे. गोंदिया, भंडारा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे आणि तो बौद्ध व आदिवासी समाजात अधिक दिसतो. सिकलसेलग्रस्त मुलाची पाणथरी लहानपणीच निकामी होत जाते. पाणथरी ही रक्तातले जंतू गाळणारी चाळणी. चाळणीच फाटली की न्यूमोनियाचा जंतू थेट रक्तात शिरतो आणि साधा ताप एका रात्रीत जिवावर बेततो. म्हणून घरात कोणाला सिकलसेल असेल तर बाळाची रक्ततपासणी लवकर करून घ्या, त्याचा एकही डोस चुकवू नका आणि आणखी कोणत्या लसी लागतील ते डॉक्टरांना विचारा. यात लपवण्यासारखे काही नाही. हा कोणाचा शाप नाही, मागच्या जन्माचे पापही नाही. तो आईबापांकडून आलेला रक्ताचा गुण आहे.

मग कार्ड अर्धे का राहते?

आमचे सौंदड राष्ट्रीय महामार्गावरचे आणि रेल्वेवरचे गाव. येथून माणूस सहज निघतो. धान निघाले, हाताला काम नाही, की कोणी मिरची तोडायला तेलंगणात, कोणी विटाभट्टीवर, कोणी नागपूरला बांधकामावर. पोटासाठी जावे लागते, त्याला कोण दोष देईल? पण बाळ कडेवर जाते आणि कार्ड घरी पेटीत राहते. तिकडे कोणाला विचारावे कळत नाही, परत येईतो रोवणीचे दिवस लागतात आणि डोस राहून जातो.

म्हणून सांगतो, गाठोडे बांधताना आधी कार्ड बांधा. लस दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यातही सरकारी केंद्रात फुकटच मिळते. डोस चुकला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, जेथे थांबले तेथून पुढे चालते. ‘आता उशीर झाला, नर्सबाई रागावतील’ म्हणून घरी बसू नका. एखादी बाई रागावल्याच तर ऐकून घ्या, पण डोस घेऊन या.

दुसरे कारण मजुरीचे. लसीचा दिवस कामाच्या दिवशी येतो. रात्री बाळाला ताप येतो, ते किरकिर करते, आई जागते आणि दुसऱ्या दिवसाचीही मजुरी जाते. बिड्या वळणाऱ्या, रोजीने जाणाऱ्या बाईला हा हिशोब करावाच लागतो, आम्ही तो जाणतो. पण हा ताप बहुधा एक-दोन दिवसांचा असतो. शरीर ओळख पटवून घेत असल्याची ती खूण आहे. अंगावरचे दूध चालू ठेवा, टोचलेली जागा चोळू नका, हळद-चुना लावू नका, गोळी किंवा औषध किती द्यायचे ते सिस्टरलाच विचारा. लस घेतल्यावर अर्धा तास तेथेच थांबा. ताप फार चढला, झटका आला किंवा बाळ सुस्त पडले तर वाट न पाहता दवाखाना गाठा. आणि बापांनो, बाळाला लसीला नेणे हे एकट्या आईचे काम नाही. एक दिवस तुम्ही न्या, म्हणजे तिचीही मजुरी वाचेल आणि बाळाचा डोसही चुकणार नाही.

तिसरे कारण अफवा. पोलिओच्या थेंबांनी पुढे मूलबाळ होत नाही, ही अफवा कित्येक वर्षे फिरली. १९९५ पासून पल्स पोलिओत कोट्यवधी मुलांनी थेंब घेतले. ती मुले मोठी झाली, त्यांना मुले झाली आणि त्या मुलांनीही थेंब घेतले. देशातला शेवटचा पोलिओ रोगी १३ जानेवारी २०११ चा, हावड्याचा. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. पाय लुळा पडून जमिनीवर सरपटणारी मुले पूर्वी प्रत्येक गावात दिसत. आज दिसतात का? केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी हेच शिकवले की केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, कोणी मोठा सांगतो आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून पाहा. मोबाईलवर आलेली बातमीही ऐकीवच असते.

पारखणे म्हणजे डोळे मिटून सरकारचेही ऐकणे नव्हे. लसीच्या कामात चुका झाल्या आहेत. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावात प्लेगची लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली. एका बाटलीत धनुर्वाताचे जंतू शिरले होते. सारा दोष हाफकिन यांच्यावर टाकून त्यांना कामावरून दूर केले गेले. पाच वर्षांनी ते निर्दोष ठरले. चूक बाटलीच्या हाताळणीत झाली होती, लस खोटी नव्हती. ३१ जानेवारी २०२१ ला आपल्याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यात, बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. सुदैवाने मुले बचावली. यातून शिकायचे ते इतकेच की केंद्रात तोंड उघडून विचारा. ताई, ही कोणती लस? बाटली दाखवाल का? सुई नवीन आहे ना? पुढचा डोस कधी? विचारणे हा उद्धटपणा नाही, तो आपला हक्क आहे. जो समाज विचारतो त्याच्या मुलांकडे लक्षही अधिक दिले जाते.

हडपसर आणि गोवंडी

माईंनी ज्या मुलाला पाठीवर वाहिले त्या मुंढव्याला लागूनच हडपसर. आज त्याच हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट हा लस बनवणारा कारखाना आहे. १९६६ साली तो निघाला आणि डोसांच्या संख्येने तो जगातील सर्वांत मोठा गणला जातो. जेथे लसीवाचून सावित्रीमाई गेल्या, तेथून साऱ्या जगाला लस जाते!

आणि तरीही २०२२ च्या अखेरीस मुंबईत, गोवंडीच्या झोपडपट्टीत गोवराची साथ आली. मालेगाव, भिवंडीतही आली. दहाहून अधिक लेकरे दगावली. रोग झालेल्यांत लस न घेतलेली किंवा अर्धवट घेतलेली मुलेच बहुसंख्य होती. करोनाच्या काळात डोस राहिले ते राहिलेच. गोवर इतका पसरणारा रोग आहे की वस्तीतल्या शंभरांपैकी पंचाण्णव मुलांनी दोन्ही डोस घेतलेले असतील तरच तो थांबतो. नवव्या महिन्याच्या एका डोसाने शंभरातील पंधराएक मुले सुरक्षित होत नाहीत, दुसरा डोस त्यांच्यासाठी आहे. हडपसर ते गोवंडी हे अंतर रेल्वेने काही तासांचे. पण लस कारखान्यातून निघून त्या लेकरांच्या दंडापर्यंत पोचली नाही. अंतर राहिले ते तेथेच, शेवटच्या चार पावलांत.

सुरुवातीची सारी पावले इतरांनी टाकली. हाफकिनने स्वतःच्या अंगावर टाकले, टोचणाऱ्यांनी चिखल तुडवत टाकले, आजही सिस्टर बर्फाच्या डब्यात लस घेऊन उन्हात येतात, आशाताई दार वाजवतात. केंद्रात लस संपली असेल, सिस्टरचे पद रिकामे असेल तर ग्रामसभेत उभे राहून जाब विचारू या, तो आपला अधिकार आहे. पण लस आलेली असताना दार लावून बसणे आपल्याला शोभत नाही.

आमची एक सूचना आहे. येत्या पौर्णिमेला विहारात वंदनेसाठी जमाल तेव्हा पाच वर्षांच्या आतील मुलांची कार्डे सोबत आणा. वंदना झाल्यावर महिला मंडळातील वाचता येणाऱ्या दोन मुलींनी ती पाहावीत, कोणाचा कोणता डोस राहिला ते वहीत लिहावे आणि यादी आशाताईंच्या हाती द्यावी. जे कुटुंब कामाला बाहेरगावी निघाले आहे त्यांच्या गाठोड्यात कार्ड आहे की नाही, ते शेजाऱ्याने विचारावे. याला पैसा लागत नाही, अध्यक्ष लागत नाही, मंडपही लागत नाही. आपल्याच मळात पडलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी स्वतःच्या हातांनी आंघोळ घातली होती. त्यांच्या उपासकांना शेजारच्या बाळाचे कार्ड पाहणे जड वाटू नये.

माईंच्या प्रतिमेला हार जरूर घाला. पण हार घालून झाला की घरी जाऊन बाळाचे कार्ड काढा. त्यात एखादी चौकट रिकामी दिसली, तर लसीच्या पुढच्याच दिवशी बाळाला कडेवर घेऊन निघा. माईंनी परक्याचे लेकरू पाठीवर घेतले होते, आपल्याला तर आपलेच न्यायचे आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!